अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर बाळाची हालचाल: १२ तासांत १०, २ तासांत १०, की मोजायचंच नाही?

प्रश्न: वर्गाची_तयारी

गरोदर बायकांच्या वर्गासाठी एका पानाचं माहितीपत्रक करते आहे. विषय एवढाच: सातवा महिना सरल्यावर बाळाच्या हालचालीकडे लक्ष कसं ठेवायचं. अडचण अशी की प्रत्येकीला आधीच कोणीतरी काहीतरी सांगितलेलं असतं आणि ते एकमेकांशी जुळत नाही. एकीच्या फाइलला तक्ता जोडलेला असतो: सकाळी ९ पासून खुणा करा, १२ तासांत १० झाल्या की पुरे. दुसरीला तिन्ही जेवणांनंतर तासतासभर मोजायला सांगितलेलं असतं. तिसरीच्या मोबाइलमधलं अ‍ॅप २ तासांत १० मागतं. चौथीला सांगितलेलं असतं की आकड्यांच्या मागे लागू नका, बाळाची सवय ओळखा.

पत्रकात एकच पद्धत द्यायची आहे. कोणती देऊ आणि का? शिवाय हे प्रश्न दर वेळी येतात: उचकी मोजायची का? वार (प्लॅसेंटा) पुढच्या बाजूला असेल तर काय? गोड खाऊन किंवा गार पाणी पिऊन बाळ हलतं का ते बघावं का? दिवस भरत आले की बाळ शांत होतं हे खरं का? आणि एकदा तपासून ‘सगळं ठीक’ म्हटल्यावर पुन्हा हालचाल कमी वाटली तर?

---

प्रसूतिशास्त्र_ओपीडी

या सूचना कुठून आल्या ते कळलं की निवड सोपी होते.

१२ तासांत १० हा तक्ता १९७६ सालचा, ब्रिटनमधल्या कार्डिफचा. त्यातली मोठी अडचण अशी की धोक्याचा इशारा फार उशिरा मिळतो. रोज अर्ध्या तासात १० हालचाली करणाऱ्या बाळाला एखाद्या दिवशी ११ तास लागले, तरी तक्ता ‘ठीक’ म्हणतो आणि आई निर्धास्त राहते. हा तक्ता पत्रकातून काढाच. जेवणानंतर तासभर मोजण्याची पद्धत साडोव्स्की यांच्या नावाने ओळखली जाते. २ तासांत १० हा आकडा मूर आणि पिआक्वाडिओ यांच्या १९८९ मधल्या कामातून रूढ झाला. तिथे बायका लक्ष एकवटून मोजत होत्या आणि १० हालचालींना सरासरी साधारण २१ मिनिटं लागत होती. म्हणजे २ तास ही अगदी शेवटची हद्द आहे. बाळाने तेवढा वेळ घ्यावा अशी अपेक्षा त्यात नाही, पण अ‍ॅप वापरणाऱ्या बऱ्याच जणी तसंच समजून चालतात.

आता दुसरी बाजू. त्याच १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सुमारे ६८,००० बायकांचा अभ्यास आला. सरसकट सगळ्यांना रोज मोजायला लावून पोटात बाळ दगावण्याचं प्रमाण घटलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या शिफारशींतही रोज तक्ता भरणं हे संशोधनापुरतंच ठेवलं आहे. मात्र हालचालीचं महत्त्व आईला समजावून सांगावं आणि ती कमी झाली तर लगेच कळवायला सांगावं, हे त्याच शिफारशींत स्पष्ट आहे. २०१८ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या ३३ रुग्णालयांत चार लाखांहून जास्त गर्भारपणांवर झालेल्या ‘अफर्म’ अभ्यासात आईला माहिती देणं आणि रुग्णालयाने ठरलेल्या पद्धतीने तपासणं या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या होत्या. तिथेही मृत्यूंतली घट ठामपणे सांगण्याइतकी नव्हती, आणि कळा आणवण्याचं व सिझेरियनचं प्रमाण वाढलं. म्हणून ‘हे केलंत की बाळ सुरक्षित’ असा सूर पत्रकात कुठेही नको.

मग हालचालीकडे लक्ष द्यायचंच कशाला? कारण पोटात बाळ दगावलेल्या आयांपैकी निम्म्याहून अधिक जणींना आधी हालचाल कमी झाल्याचं जाणवलेलं असतं. वाया जातो तो जाणवल्यापासून तपासणीपर्यंतचा वेळ. दुसऱ्या बाजूला, हालचाल एकदाच कमी वाटून तपासायला आलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के जणींचं उरलेलं गर्भारपण नीट पार पडतं. ही दोन्ही वाक्यं पत्रकात शेजारीशेजारी टाका. पहिलंच टाकलंत तर भीती बसेल, दुसरंच टाकलंत तर ढिलाई येईल.

मी देईन ती पद्धत स्टॉकहोमच्या अभ्यासातली. २८ व्या आठवड्यापासून रोज १५ मिनिटं, बाळ जागं असताना, कुशीवर पडून फक्त लक्ष द्यायचं: हालचाल किती जोरकस आहे, कशा प्रकारची आहे, किती वेळा होते. आकडा लिहायचा नाही. सुमारे ३९,००० बायकांच्या त्या अभ्यासात जन्मल्यावरच्या अपगार गुणांत (जन्मताच बाळाची तब्येत जोखण्याचे गुण) फरक पडला नाही, पण सिझेरियन वाढली नाहीत, उलट थोडी कमी झाली. वजनाने लहान बाळांचं प्रमाणही थोडं कमी होतं. आईला बाळाची सवय कळते आणि विनाकारण हस्तक्षेप वाढत नाही, एवढं मला पुरेसं वाटतं.

२ तासांत १० ही मोजणी रोजच्या कामाची नाही. ‘आज खरंच कमी आहे की माझं लक्ष नव्हतं?’ अशी शंका आली की तेव्हा वापरायची.

---

प्रसूतिकक्ष_रात्रपाळी

वरच्या उत्तराशी सहमत. प्रत्यक्ष करायचं कसं आणि चुकतं कुठे, ते सांगते.

बाळाची जागं असण्याची वेळ बहुतेक जणींच्या बाबतीत संध्याकाळपासून रात्रीपर्यंत येते. ती वेळ तीन-चार दिवसांत लक्षात येते. लघवीला जाऊन यावं, कुशीवर पडावं, पोटाखाली आणि गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी, टीव्ही आणि मोबाइल बंद करून एक हात पोटावर ठेवावा. उभ्याने किंवा काम करताना हालचाल कमी जाणवते, पडल्यावर सगळ्यात जास्त. ‘दिवसभर हललंच नाही’ असं वाटणाऱ्या बऱ्याच जणींचा दिवस धावपळीत गेलेला असतो. डावी कूस बरी. उताणं झोपल्यावर भरलेल्या गर्भाशयाचा दाब पोटातल्या मोठ्या शिरेवर येतो आणि वारेकडे जाणारं रक्त घटू शकतं. उजव्या कुशीवर झोपलं म्हणून घाबरायचं कारण नाही. उताणं मात्र टाळावं, रात्री झोपतानाही.

काय धरायचं: लाथ, ढुशी, कूस बदलणं, आळोखेपिळोखे, हाताखालून फुगवटा सरकत जाणं. सलग चाललेली वळवळ एकच धरायची. क्षणभर थांबून पुन्हा सुरू झाली तर दुसरी.

उचकी धरायची नाही. ती ओळखू येते: एकाच जागी, दर दोन-चार सेकंदांनी, ठेक्यात, कधी मिनिटभर तर कधी दहा-पंधरा मिनिटं. तिने बाळाला अपाय होत नाही, पण तिच्यावरून हालचालीचा अंदाजही येत नाही. पोट कडक होणं हीसुद्धा हालचाल नव्हे. तेव्हा अख्खं पोट दगडासारखं घट्ट होतं आणि मग सैल पडतं. बेंबीजवळ ठोके जाणवले तर मनगटावर दुसरा हात ठेवून बघावं. दोन्ही बरोबर पडत असतील तर ती आईचीच नाडी. राहिले गॅस. त्यांची गुडगुड पोटभर फिरते आणि पोटावर ठेवलेल्या हाताला बाहेरून धक्का लागत नाही.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे बाळ झोपलेलं असताना मोजायला बसणं. बाळाच्या झोपेचे तुकडे साधारण २० ते ४० मिनिटांचे असतात आणि निरोगी बाळ सलग ९० मिनिटांपेक्षा जास्त क्वचितच शांत राहतं. २ तासांची हद्द आहे ती म्हणूनच. पहिली वीस मिनिटं काही जाणवलं नाही म्हणून घाबरून उठू नये. आणि २ तास होऊनही १० झाल्या नाहीत तर तिसरा तास मोजत बसू नये.

दुसरी चूक म्हणजे रात्री झोपताना आठवून तक्ता भरणं. तो तक्ता निरुपयोगी.

तिसरी चूक सगळ्यात नकळत होते: दहा झाल्या म्हणून समाधान मानायचं, पण दहाही पुसट होत्या. रोज बरगडीखाली दणका देणारं बाळ आज नुसतं सळसळतं आहे, तर आकडा पूर्ण झाला तरी हा बदलच आहे. फोन करायचा.

गोड आणि गार पाण्याबद्दल: साखरेने किंवा थंडाव्याने बाळ हलायला लागतं याला भक्कम आधार नाही. आई उपाशी असेल तर तिने तिच्यासाठी खावं. पण ‘आधी सरबत पिऊन बघते, मग अर्धा तास थांबते, मग पोट हलवून बघते’ यात दोन-तीन तास सहज जातात. पत्रकात ठळक लिहा की यासाठी थांबायचं नाही.

घरगुती डॉपलर (बाळाचे ठोके ऐकायचं छोटं यंत्र) आणि फोनमधली ठोके ऐकवणारी अ‍ॅप्स यांच्यावर तर अजिबात विसंबू नये. त्यात ऐकू येणारा आवाज आईच्या रक्तवाहिनीचा किंवा वारेतल्या प्रवाहाचा असू शकतो आणि सवय नसलेल्या कानाला फरक कळत नाही. बाळाचेच ठोके असले तरी हृदय शेवटपर्यंत चालू असतं. बाळाला प्राणवायू पुरेसा मिळतोय का, हे नुसत्या ठोक्यांवरून समजत नाही. ठोके ऐकू आले म्हणून घरी थांबणं, यातच धोका आहे.

फोनवर काय सांगायचं तेही छापा, कारण घाबरल्यावर सुचत नाही: कितवा आठवडा, शेवटची स्पष्ट हालचाल कधी जाणवली, एरवी या वेळेला काय असतं, पूर्ण थांबली आहे की कमी झाली आहे, अंगावरून लाल किंवा पाणी जातंय का, पोटात दुखतंय का, रक्तदाब किंवा साखरेचा त्रास आहे का, बाळाची वाढ कमी सांगितली आहे का, आणि आज-कालमध्ये झोपेची, तीव्र वेदनाशामक किंवा गुंगीची काही औषधं घेतली का. शेवटचा मुद्दा बहुतेक जणी विसरतात. त्या औषधांनी बाळही सुस्तावतं.

---

सोनोग्राफी_कक्ष

वार आणि गर्भजल हे दोन मुद्दे माझे.

वार पुढच्या भिंतीला असली की बाळाची लाथ आईच्या पोटापर्यंत पोचायच्या आधी मध्ये जाड उशी येते. त्यामुळे पहिली हालचाल उशिरा कळते, आणि २८ आठवड्यांपर्यंत ती बोथट वाटते. अशा आईने हात बेंबीवर न ठेवता दोन्ही कुशींकडे आणि ओटीपोटाच्या खालच्या बाजूला ठेवावा. तिथे वार नसते, हालचाल स्पष्ट लागते. बाळाची पाठ पुढे असेल तरी हातपाय मागे वळलेले असल्याने कमी जाणवतं. एरवीसुद्धा सोनोग्राफीत दिसणारी प्रत्येक हालचाल आईला कळत नाही. वेगवेगळ्या पाहण्यांत हे प्रमाण ३७ ते ८८ टक्के आलं आहे.

पण इथे एक गोष्ट फार महत्त्वाची. वार गेल्या आठवड्यातही पुढेच होती. तेव्हा जेवढं जाणवत होतं त्यापेक्षा आज कमी जाणवत असेल, तर त्याचं कारण वार असू शकत नाही. ‘तुमची वार पुढे आहे, म्हणून कमी वाटतंय’ हे वाक्य तिसाव्या आठवड्यानंतर कोणी फोनवर ऐकवलं तर बाईने एवढंच म्हणावं, ‘माझ्या नेहमीपेक्षा कमी आहे, तपासा.’

हालचाल का मंदावते, ते आयांना सांगितलं तर त्या जास्त तत्परतेने येतात असं मला वाटतं. वारेकडून प्राणवायू कमी यायला लागला की बाळ रक्त मेंदू, हृदय आणि अधिवृक्क (मूत्रपिंडांवरच्या) ग्रंथींकडे वळवतं आणि बाकी खर्च कमी करतं. हातपाय हलवणं हा त्यातला मोठा खर्च. मूत्रपिंडाकडेही रक्त कमी जातं, लघवी कमी होते, आणि शेवटच्या तिमाहीत गर्भजल मुख्यतः बाळाच्या लघवीचंच असल्याने पाणी घटतं. पाणी कमी झालं की हलायला मोकळीक राहत नाही. म्हणजे मंदावलेली हालचाल, कमी पाणी आणि खुंटलेली वाढ ही बऱ्याचदा एकाच कारणाची तीन टोकं असतात, आणि त्यातलं आईला घरबसल्या कळणारं एकच आहे. हे हळूहळू होणाऱ्या बिघाडाबद्दल. वार अचानक सुटणं किंवा नाळेवर अचानक दाब येणं यात असा पूर्वसूचनेचा काळ मिळेलच असं नाही.

तपासणीत आम्ही बाळाच्या पोटाचा घेर आणि अंदाजे वजन, पाण्याचा सगळ्यात खोल कप्पा (२ सेंटिमीटरच्या खाली गेला तर कमी), आणि गरजेप्रमाणे नाळेतल्या रक्तप्रवाहाचा डॉपलर बघतो. दोन आठवड्यांच्या आत केलेलं वजन पुन्हा मोजून वाढीचा नीट अंदाज येत नाही, पाणी आणि डॉपलर मात्र त्या दिवसाचेच बघावे लागतात. ‘परवाच सोनोग्राफी झाली’ हे आज न जाण्याचं कारण होऊ शकत नाही.

---

घरभेट_परिचारिका

मोजणीला इतकं दूर सारू नका, एवढंच म्हणते.

‘सवय ओळखा’ हे पहिलटकरणीला ऐकायला सोपं, करायला अवघड. तिला तुलना करायला काही नसतं. शिवाय घरातले म्हणतात ‘काही नाही गं, झोपलंय बाळ’, आणि ती गप्प बसते. अशा बाईच्या हातात ‘डाव्या कुशीवर दोन तास पडले, सहाच हालचाली झाल्या’ हे वाक्य असलं की तिचं ऐकून घेतलं जातं, घरी आणि फोनवरही. आकडा वैद्यकीयदृष्ट्या ढोबळ असेल, पण बोलायला बळ देतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांसाठी तरी दहाव्या हालचालीपर्यंत किती मिनिटं लागली एवढं लिहायला सांगावं असं माझं मत आहे. एरवी वीस-पंचवीस मिनिटं आणि आज सव्वा तास, हा फरक कागदावर चटकन दिसतो.

शेवटच्या दिवसांत बाळ शांत होतं या समजुतीने फार नुकसान होतं. हालचालींची संख्या साधारण ३२ व्या आठवड्यापर्यंत वाढते आणि मग तेवढीच राहते. प्रसूतीपर्यंत ती कमी व्हायला नको, कळा सुरू झाल्यावरही बाळ हलत असतं. बदलतो तो प्रकार. जागा कमी उरल्याने झटकन मारलेल्या लाथा कमी होतात आणि दाबून सरकणं, वळणं, ताणणं वाढतं. डोकं खाली बसल्यावर धक्के बरगडीजवळ आणि मूत्राशयावर जास्त जाणवतात. ‘जागा नाही म्हणून हलत नाही’ असं कोणी म्हणालं तर तिथेच दुरुस्त करा.

---

प्रसूतिशास्त्र_ओपीडी

परिचारिकाताईंचा मुद्दा मान्य. मिनिटं लिहिणं मला चालेल, एका अटीवर: वेळ नेहमीसारखी आली पण जोर कमी वाटला तर वेळेपेक्षा जोराला महत्त्व द्यायचं. हे तक्त्याच्या खालीच छापलेलं हवं.

२ तासांच्या मोजणीबद्दल मात्र एक अपवाद अगदी स्पष्ट करायला हवा. मोजणी फक्त शंका असेल तेव्हा. हालचाल पूर्ण थांबली आहे असं वाटत असेल, तर दोन तास घालवायचे नाहीत, तडक निघायचं. अंगावरून रक्त जात असेल, हिरवट किंवा तपकिरी पाणी जात असेल, पोट सलग दुखत असेल किंवा सैलच पडत नसेल, पोटावर मार बसला असेल, डोकं दुखून नजरेसमोर अंधारी येत असेल, तळहात-तळपायांना कमालीची खाज असेल, तर हालचाल बरी वाटत असली तरी फोन करायचा. कमी असेल तर निघायचंच.

आणखी एक, जे पत्रकांत सहसा नसतं: बाळाने एकदम, एकदाच, वेड्यासारखी जोरदार तडफड केली आणि मग ते गप्प झालं, तर तेही कळवावं. रोज थोडं जास्त जोमाने हलणारं बाळ ही चांगली गोष्ट आहे, ते वेगळं.

तपासायला गेल्यावर काय होतं ते माहीत असलं की बायका लवकर येतात. आधी छोट्या यंत्राने ठोके ऐकतात आणि त्याच वेळी आईची नाडी धरतात, म्हणजे दोन्हींची गल्लत होत नाही. मग पोटावर दोन पट्टे बांधून एनएसटी, म्हणजे बाळाच्या ठोक्यांचा कागदावर आलेख. आईला थोडं डावीकडे कललेलं किंवा अर्धवट बसतं ठेवायचं, सपाट उताणं नाही. ठोक्यांची मूळ पातळी मिनिटाला ११० ते १६० असावी आणि २० मिनिटांत निदान दोनदा ठोके १५ ने वर जाऊन १५ सेकंद टिकावेत. ३२ आठवड्यांच्या आधी १० ठोके, १० सेकंद पुरतात. २० मिनिटांत तसं झालं नाही तर बाळ झोपलेलं असण्याची शक्यता धरून ४० मिनिटांपर्यंत चालू ठेवतात. कागद लांबला म्हणून आईने घाबरू नये. बरोबर रक्तदाब, लघवीतली प्रथिनं आणि टेपने पोटाची उंची. हे कोणी केलं नाही तर आईने विचारावं, कारण रक्तदाब वाढल्याचं पहिल्यांदा इथेच सापडतं असंही होतं. वाढ कमी वाटली, जोखीम असली किंवा एनएसटी ठीक येऊनही हालचाल कमीच वाटत राहिली, तर सोनोग्राफी.

एनएसटी बाळ आत्ता कसं आहे ते सांगते, पुढच्या आठवड्याची हमी देत नाही. घरी गेल्यावर त्याच रात्री पुन्हा कमी वाटलं तर पुन्हा फोन. ‘कालच जाऊन आले, परत कसं जाऊ’ हा संकोच बायकांना फार असतो, आणि दुसऱ्यांदा कमी होणं आमच्यासाठी पहिल्यापेक्षा जास्त गंभीर असतं. दुसऱ्या वेळी सोनोग्राफी बहुधा करावीच लागते. दिवस भरत आले असतील तर कळा आणवायच्या का हेही बोलावं लागतं. ब्रिटनमधल्या मार्गदर्शनात, दुसरं काही बिघडलेलं नसेल तर फक्त हालचालीच्या कारणावरून ३९ आठवड्यांआधी प्रसूती घडवू नये असं आहे, कारण लवकर जन्मण्याचे तोटेही असतात.

---

वर्गाची_तयारी

सगळ्यांचे मनापासून आभार. कच्चा मजकूर असा केला आहे, चुका सांगा:

‘२८ व्या आठवड्यापासून रोज बाळ जागं असताना १५ मिनिटं कुशीवर पडा आणि हालचालीचा जोर, प्रकार आणि वारंवारता लक्षात घ्या. पहिले तीन आठवडे दहाव्या हालचालीपर्यंतची मिनिटं लिहा. उचकी आणि पोट कडक होणं धरू नका. नेहमीपेक्षा कमी वाटलं तर डाव्या कुशीवर २ तास मोजा. १० झाल्या नाहीत तर सकाळी डॉक्टरांना फोन करा. अजिबात हालचाल नसेल तर लगेच निघा. दिवस भरत आले तरी हालचाल कमी होत नाही.’

दोन प्रश्न राहिले. जुळी असतील तर? आणि बाळाची फुफ्फुसं पक्की व्हावीत म्हणून स्टेरॉइडची इंजेक्शनं दिलेल्या आईला काय सांगायचं? शिवाय २८ आठवड्यांच्या आधी कमी वाटलं तर?

---

प्रसूतिकक्ष_रात्रपाळी

‘सकाळी’ हा शब्द आधी काढा. रात्री दहाला मोजून झालं तर सकाळपर्यंत नऊ-दहा तास जातात. प्रसूतिकक्षात रात्रभर माणूस असतो आणि या कारणासाठी आलेला फोन कधीच अवेळी नसतो. ‘त्याच वेळी, रात्र असली तरी’ असं लिहा. आणि ‘१० झाल्या नाहीत’ याच्या पुढे ‘किंवा झाल्या पण पुसट वाटल्या’ हे जोडा.

‘लगेच निघा’ ही ओळ सगळ्यात वर घ्या. घाबरलेली बाई पान खालपर्यंत वाचत नाही. पानाच्या डोक्यावर प्रसूतिकक्षाचा नंबर लिहायला रिकामी चौकट ठेवा आणि वर्गातच प्रत्येकीकडून ती भरून घ्या.

जुळ्यांमध्ये कुठलं बाळ हललं ते सांगणं अवघड. प्रत्येकाची जागा सोनोग्राफीच्या रिपोर्टवरून समजून घ्यावी, उदाहरणार्थ एक डावीकडे खाली, दुसरं उजवीकडे वर. आणि ‘ती बाजू आज गप्प आहे’ एवढं जाणवलं तरी कळवावं. दोघांची मिळून १० मोजण्यात अर्थ नाही, एकटं एकच बाळ दहा पूर्ण करेल. जुळ्यांच्या आईला मोजणीपेक्षा ठरलेल्या तपासण्या न चुकवणं जास्त उपयोगी पडतं.

---

प्रसूतिशास्त्र_ओपीडी

स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनंतर एक-दोन दिवस हालचाल आणि ठोक्यांतले चढउतार दोन्ही कमी होऊ शकतात आणि मग पूर्ववत होतात. पण हे ठरवायचं काम घरी आईचं नव्हे. इंजेक्शन ज्या कारणासाठी दिलं तेच कारण बहुतेक वेळा जोखमीचं असतं. तिने फोन करावा, इंजेक्शन कधी घेतलं ते सांगावं, आणि तपासणारे ठरवतील. पत्रकात ‘इंजेक्शनामुळे कमी होतं’ असं लिहू नका, ते वाचून ती थांबेल.

२८ च्या आधी मोजणी नको, तेव्हा बाळाची लय पक्की झालेली नसते. पण आधी जाणवणारी हालचाल कमी झाली किंवा थांबली तर २५ व्या आठवड्यातही दाखवायचं, निदान ठोके ऐकले जातात. आणि २४ आठवडे पूर्ण होऊनही एकदाही हालचाल जाणवली नसेल तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न बघता तपासून घ्यायचं. याला पत्रकात वेगळी ओळ द्या, ‘२८ व्या आठवड्यापासून’ या ओळीच्या आधी.